गिरणीचा पट्टा, गाडीचा पट्टा

आगाशीत आमची पिठाची गिरणी आहे. लहानपणी मला तिथे कुठेही फिरायची मुभा होती, फक्त चालत्या पट्ट्याच्या बाजूला जायचं नाही. मोटरपासून जात्यापर्यंत गेलेला तो रुंद, काळपट पट्टा. त्याच्या जोडाचे लोखंडी हूक पुलीवरून जाताना दर फेऱ्याला ‘फट्’ असा आवाज यायचा. बाबा दुपारी आतल्या खोलीत पडलेले असत. त्या फट्-फट्‌चा ताल जरा जरी बिघडला की झोपेतून ओरडायचे, “पट्टा घसरतोय, राळ लाव!” पावसाळ्यात हवा दमट झाली की पट्टा हमखास घसरायचा. मग राळेचा खडा त्याच्या आतल्या अंगाला टेकवायचा, पट्टा पुन्हा पुलीला धरायचा.

हे सगळं सांगतोय कारण 2021 मध्ये मी इलेक्ट्रिक मोटरसायकल घेतली आणि तिच्या मागच्या चाकाशी चेन नसून पट्टा आहे हे बघून मला वाटलं, चला, आपल्याच घराण्यातली गाडी आली. पट्ट्याचं मला कोण शिकवणार? तो गर्व मला एका बेअरिंगला आणि एका अख्ख्या पट्ट्याला पडला.

विकणाऱ्याने सांगितलं होतं, “काका, ह्याला मेंटेनन्स काही नाही. चेनसारखं तेल नाही, ग्रीस नाही.” तेल नाही हे खरं. मेंटेनन्स नाही हे खोटं. पट्टा तेल मागत नाही, पण नजर मागतो, कान मागतो आणि स्वच्छता मागतो. आमच्या वसई-विरारच्या हवेत तर जास्तच मागतो. राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावरून उडत येणारी बारीक वाळू, अर्नाळ्याकडची खारी हवा, चार महिने खड्ड्यांत साचलेलं पाणी आणि उरलेले आठ महिने कुठे ना कुठे खणलेल्या रस्त्याची खडी. दिल्लीच्या किंवा पुण्याच्या कोरड्या रस्त्यावर पट्टा जसा चालतो तसा इथे चालेल असं धरून चालू नये.

आधी हा पट्टा असतो काय ते सांगतो. आपल्या नेहमीच्या पेट्रोल स्कूटरमध्येही पट्टा असतो. ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली तेव्हा बिनगिअरची गाडी म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, ती करामत आतल्या पट्ट्याचीच होती. पण तो पट्टा दोन तिरप्या तबकड्यांच्या खाचेत दाबून बसतो, पकडीवर चालतो आणि बंद झाकणाच्या आत राहतो. इलेक्ट्रिक मोटरसायकलचा पट्टा वेगळा. त्याच्या आतल्या अंगाला दात असतात आणि पुलीला तशाच खाचा. दात खाचेत बसतो, म्हणून घसरण्याचा प्रश्न येत नाही. आणि तो उघड्यावर असतो, मागच्या चाकाशेजारी, थेट चिखलाच्या वाटेत.

ज्यांनी वसईच्या वाडीत जुना रहाट पाहिला आहे त्यांना पट्ट्याचा ताण का महत्त्वाचा हे लगेच कळेल. विहिरीवरच्या चाकावरून गाडग्यांची माळ खाली जायची, भरून वर यायची. माळ नीट ताणलेली असली की गाडगी एका रांगेत सुखरूप वर येत, सैल पडली की हेलकावे खात एकमेकांवर आपटत. माझ्या आजोबांच्या केळीच्या वाडीत मी ती खापरं वेचलेली आहेत.

दाताचा पट्टा मोटरसायकलसाठी जन्माला आला नाही. 1940 च्या दशकात अमेरिकेत तो शिलाई मशीनसाठी तयार झाला. वरची सुई आणि खालचा भाग एका तालात फिरायला हवा, त्यात घसरण चालत नाही, म्हणून दात. त्याच्या कितीतरी आधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, मोटरसायकलींना चामड्याचे पट्टे असत. पावसात ते आमच्या गिरणीच्या पट्ट्यासारखेच घसरत, म्हणून चेनने त्यांना हाकललं. पुढे 1980 मध्ये हार्ले-डेव्हिडसनने ‘स्टर्जिस’ नावाच्या मॉडेलला दातांचा पट्टा लावला आणि पट्टा मोटरसायकलवर परत आला. इलेक्ट्रिक गाड्यांनी तो उचलला त्याचं कारण साधं आहे. इंजिनाचा धडधडाट गेल्यावर चेनचा खळखळाट फार कानात बसतो. पट्टा गप्प चालतो, अंगावर तेल उडवत नाही.

आपल्याकडे रिव्होल्टची आरव्ही 400 ही मोटरसायकल 2019 मध्ये आली, तिला पट्टा आहे. एथरच्या 450 स्कूटरलाही आहे. टीव्हीएसच्या आयक्यूबमध्ये मोटरच चाकात बसवलेली, म्हणून पट्टा नाही आणि चेनही नाही. अल्ट्राव्हायोलेटच्या एफ 77 ला चेन. आणि गंमत म्हणजे ओलाने 2025 मध्ये तिसऱ्या पिढीच्या स्कूटरींना पट्ट्याऐवजी चेन दिली, रिव्होल्टनेही 2024 च्या स्वस्त आरव्ही 1 ला चेनच लावली. म्हणजे पट्टा हाच शेवटचा शब्द असं कारखानदारही मानत नाहीत. मला विचाराल तर दोघांचं आपापल्या जागी बरोबर आहे. चेन नालासोपाऱ्याच्या कुठल्याही गल्लीत मिळते, कडी काढून जोडता येते. पट्ट्याला जोडच नसतो, तो अखंड असतो आणि आपल्या गाडीचाच लागतो. माझा मागवल्यापासून हातात यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस मी पीठ पोचवायला भाच्याची जुनी स्कूटर वापरली आणि तिच्या पेट्रोलवरून त्याची बोलणी खाल्ली.

आता माझ्या चुका, क्रमाने.

पहिल्याच पावसाळ्यात पट्टा चिवचिवायला लागला. सकाळी निघताना चिमणीसारखा आवाज, थोडं अंतर गेल्यावर बंद. बाबा असते तर राळ काढली असती. मी राळ लावली नाही, एवढी अक्कल होती, पण एका गॅरेजवाल्यापाशी थांबलो. त्या भल्या माणसाने सवयीने चेनवर मारायचा तेलकट स्प्रे पट्ट्यावर मारला. आवाज त्या दिवशी थांबला. आठवड्याने पट्टा बघतो तर भज्यासाठी पिठात बुडवून काढावा तसा वाळूने मढलेला! तेलाने धूळ धरली, धुळीने दातांवरचं कापड घासायला सुरुवात केली. हो, कापड. दातांच्या पृष्ठभागावर नायलॉनच्या विणीचा पातळ थर असतो, झीज तोच सोसतो. तो गेला की खालचं रबर किंवा पॉलियुरेथेन उघडं पडतं, आणि तिथून दात फार दिवस टिकत नाही. शिवाय पेट्रोलियमचं तेल काही प्रकारच्या रबराला फुगवतं, ते वेगळंच.

खरा उपाय इतका साधा होता की सांगायला लाज वाटते. साधं पाणी, दोन थेंब भांडी धुवायचा सौम्य साबण आणि जुना मऊ ब्रश. पट्टा आतून-बाहेरून धुवायचा, पुलीच्या खाचांतली माती काढायची, वाळू द्यायचं. चिवचिव बहुतेक वेळा धुळीची असते. धुवूनही राहिली तर पट्टा पुलीच्या कडेला घासतोय का, म्हणजे चाकाची लाईन तिरकी आहे का, ते बघायचं. मोठ्या प्रेशरचा पाण्याचा फवारा मात्र जवळून मारू नये, तो चाकाच्या आणि मोटरच्या बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो.

आणि हे धुणं-पुसणं करताना एक गोष्ट जिवावरची आहे. पेट्रोलची गाडी चालू असेल तर आवाज येतो. इलेक्ट्रिक गाडी चालू आहे की बंद, हे कानाला कळत नाही. चाक स्टँडवर अधांतरी, बोट पट्ट्यावर आणि नातवाने हौसेने ॲक्सिलरेटर पिळला, की बोट पुलीत गेलं समजा. चावी काढा, मुख्य स्विच बंद करा, बॅटरी निघत असेल तर काढून घरात नेऊन ठेवा आणि चाक हातानेच फिरवा. गिरणीत बोटं गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून सांगतो.

दुसरी चूक अधिक महागात पडली. वर्षभराने पट्टा जरा ढिला वाटला. आमच्या गिरणीचा नियम असा की पट्टा जितका ताठ तितका चांगला, कारण सपाट पट्टा पकडीवरच चालतो. मी पाना घेतला आणि गाडीचा पट्टा खाटेच्या नवारीसारखा ताणला. दोन महिन्यांत मागून घुंघुं असा आवाज सुरू झाला. चाकाचं बेअरिंग गेलं होतं. दातांच्या पट्ट्याला पकडीची गरज नसते, दात खाचेतून बाहेर उडी मारणार नाहीत इतकाच ताण हवा. त्याहून जास्त दिलेला ताण मोटरच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर रात्रंदिवस बसतो, गाडी उभी असली तरीही. वर घर्षण वाढतं ते निराळं.

म्हणून मग मी तो सैल केला, आणि तिसऱ्या चुकीकडे वळलो.

माझा भाचा सातिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मेंटेनन्स फिटर आहे. त्याच्या भाषेत पट्टा सैल असला की दात ‘उडी मारतो’. विरारचा उड्डाणपूल चढताना, मागे पिठाच्या दोन गोण्या असताना, मला ती उडी ऐकू आली. टक्. टक्-टक्. इलेक्ट्रिक मोटरचा जोर पहिल्या क्षणापासून पूर्ण असतो. जिथे तो एकदम लागतो तिथे सैल पट्ट्याचा दात खाचेच्या माथ्यावर चढतो आणि पुढच्या खाचेत आपटतो. आणखी एक गोष्ट मला तेव्हा ठाऊक नव्हती. ॲक्सिलरेटर सोडला की ह्या गाड्या मोटरलाच जनित्र करून थोडी वीज बॅटरीत परत भरतात, आणि त्या वेळी चाक मोटरला ओढतं. म्हणजे पट्ट्याची जी बाजू आत्तापर्यंत ताठ होती ती ढिली पडते, ढिली होती ती ताठ होते. पुलाकडून स्टेशनकडच्या गर्दीत शिरलं की ही ओढाताण मिनिटाला दहा वेळा होते.

घरी येऊन पट्टा तपासला. तीन दातांच्या बुडाशी भेगा, एका ठिकाणी कडेजवळ खड्याने पाडलेलं भोक. भाच्याने मान हलवली. “मामा, हा गेला.”

मी म्हटलं, “तुटला कुठे? चालतोय की.”

“तुटेपर्यंत थांबायचं असेल तर महामार्गावर ट्रकच्या पुढे थांबू नका, एवढंच.”

पट्टा कधी बदलायचा हे मी त्याच्याकडून शिकलो. दातांवर केसासारख्या बारीक रेषा असतील तर लगेच घाबरायचं नाही, लक्ष ठेवायचं. कडेचा धागा जरासा पिंजला असेल तरी तेच. पण भेग दाताच्या बुडाशी खोल गेली असेल, दात तुटला असेल, घासून आकड्यासारखा झाला असेल, आतले दोरे दिसत असतील किंवा कडेजवळ खड्याचं भोक असेल, तर किलोमीटर कितीही झालेले असोत, पट्टा काढायचा. तपासताना चाक हाताने सावकाश फिरवून अख्खा पट्टा बघायचा, नुसता समोर दिसेल तेवढा नाही. सतरा इंची चाकाची गाडी साठच्या वेगाने जाते तेव्हा चाक मिनिटाला सव्वापाचशेच्या आसपास फेरे घेतं. मागच्या पुलीला ऐंशी दात धरले तर मिनिटाला चाळीस हजारांहून जास्त वेळा दात खाचेत बसतो आणि सुटतो. एक वाईट दात किती वेळा मार खात असेल ते बघा.

आतल्या दोऱ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथेच आहे. आमच्याकडच्या वाड्यांतून फुलं दादरला जातात. गजऱ्यात आपल्याला फुलं दिसतात, पण भार दोरा पेलतो. पट्ट्यातही दात आणि रबर दिसतं, ओढ मात्र आत लांबीने घातलेले दोरे सोसतात. ते ॲरामिडचे असतात किंवा कार्बनचे. कार्बनचा दोरा म्हणजे आपल्या खराट्याची हीर समजा. ओढून बघा, तुटणार नाही. बोटांत धरून मोडा, कट् करून गेली. पट्टा दुमडला, पिळला, हातरुमालासारखा घडी केला की आतले दोरे मोडतात आणि वरून काही म्हणजे काही दिसत नाही. नंतर तो पट्टा एका सकाळी सिग्नलवर विनाकारण तुटतो आणि आपण नशिबाला बोल लावतो. लहान पुलीपेक्षा लहान वेटोळं पट्ट्याचं कधीही करायचं नाही, हा नियम तिथूनच आला.

रविवारी गिरणीच्या अंगणात आम्ही पट्टा बदलला. गाडीची वॉरंटी संपली होती म्हणून. तुमची चालू असेल तर मुकाट सर्व्हिस सेंटरला न्या, हात घालू नका. चाक उचलून गाडी पक्की उभी केली. भाच्याने आधी फोटो काढले, मग दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर किती फेरे बाहेर आहेत ते मोजून खडूने भिंतीवर लिहिलं. ॲक्सलचा नट सैल केला, ॲडजस्टर सारखेच मागे घेतले, चाक पुढे ढकललं आणि पट्टा ढिला पडला. माझ्या गाडीत तो बाजूने निघतो. काही गाड्यांत तो स्विंगआर्मच्या, म्हणजे गॅरेजवाले ज्याला चिमटा म्हणतात त्याच्या, आतून गेलेला असतो. तिथे चिमटाच सोडावा लागतो आणि ते घरचं काम राहत नाही.

पट्टा निघाल्यावर पुल्या बघितल्या. ही पायरी बहुतेक लोक गाळतात. पुलीचे दात एका बाजूला वाकलेले, धारदार झालेले असतील किंवा खाचेतला वरचा मुलामा निघून आतला धातू उघडा पडला असेल, तर नवा पट्टा त्या जुन्या पुलीवर चढवणं म्हणजे टाकी न लावलेल्या दगडावर दळण काढणं. पीठही खराब, दगडही खराब. माझी मोटरकडची छोटी पुली गेली होती, ती बदलली. खाऱ्या हवेने गंजलेले ॲडजस्टरचे बोल्टही त्याच बैठकीत बदलले.

नवा पट्टा चढवताना मी सवयीने पेचकस उचलला, पट्टा पुलीवर उचकटून बसवायला. भाच्याने तो हातातून काढून घेतला. चाक पुढे घेतल्यावर पट्टा हाताने सहज बसला पाहिजे. बसत नसेल तर चाक अजून पुढे घ्यायचं, हत्यार लावायचं नाही.

मग आला ताण, आणि इथे मी खराखुरा विद्यार्थी झालो. एक पद्धत अशी की पट्ट्याच्या मधोमध ठरावीक वजनाचा दाब द्यायचा आणि तो किती मिलिमीटर दबतो ते मोजायचं. आकडा गाडीच्या मॅन्युअलमधला घ्यायचा, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. दुसरी पद्धत भाच्याच्या कारखान्यातली. पट्टा बोटाने छेडायचा, तारेसारखा, आणि त्याचा सूर मोजायचा. ताणलेल्या तारेचा नियम पट्ट्यालाही लागतो. ताण चौपट केला की सूर एक सप्तक वर चढतो. कारखान्यात त्यासाठी वेगळं मीटर असतं. पट्टे बनवणाऱ्या गेट्स कंपनीने सायकलींच्या पट्ट्यांसाठी तर मोबाइलचं ॲप काढलं आहे. मोबाइल पट्ट्याजवळ धरायचा, टिचकी मारायची, आकडा येतो. मॅन्युअलमध्ये आकडा हर्ट्झमध्ये दिला असेल तर ही पद्धत सगळ्यांत भरवशाची. भाच्याने टिचकी मारली, जाड, खर्जातला ‘डुम्’ आला. झोपेतून पट्टा ऐकणारे बाबा मला त्या क्षणी फार आठवले.

ताण एकाच जागी बघून चालत नाही. पुली कितीही चांगली असली तरी किंचित कमी-जास्त गोल असते. चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजायचं आणि जिथे पट्टा सगळ्यांत ताठ आहे ती जागा मापात बसवायची. पट्टा थंड असताना मोजायचं, लांबून फेरी मारून आल्यावर नाही. ॲक्सलचा नट टॉर्क रेंचने आवळल्यावर ताण पुन्हा बदलतो, म्हणून आवळून झाल्यावर परत एकदा मोजायचं. आम्हाला तीन वेळा खोलावं लागलं. शेवटी चाक हाताने दोन्ही दिशांना फिरवून पट्टा कडेला घासत नाही ना, हे बघितलं. चिमट्यावरच्या खुणा जुळल्या म्हणजे लाईन जुळली असं समजू नये. खुणा कारखान्यात ठोकलेल्या असतात, पट्टा काय करतोय ते डोळ्यांना दिसतं.

नवा पट्टा सुरुवातीला थोडा बसतो, म्हणजे ताण किंचित उतरतो. म्हणून काही शे किलोमीटर झाल्यावर तो पुन्हा तपासावा लागतो. मी तपासला, पाव फेरा लागला. आता माझा शिरस्ता असा: दर महिन्याच्या पहिल्या रविवारी धुणं आणि बघणं. पावसाळ्यात दर आठवड्याला. किनाऱ्यावरून आलो की त्याच संध्याकाळी. जुलै 2018 सारखं पाणी भरलं तर गाडी बाहेरच काढत नाही. त्या पाण्याखाली खड्डा आहे की खडीचा ढीग, हे पट्ट्याला आधी कळतं आणि मला नंतर.

एक शेवटचं, दुकानात उभं असताना आठवावं म्हणून. माझ्यासाठी आलेला पहिला नवा पट्टा रबरबँड लावून मुठीएवढा गुंडाळलेला होता, बाहेरून कोरा करकरीत. भाच्याने तो उलगडला, एका जागी घडीची फिकट रेघ दाखवली आणि परत केला. दुकानदार चिडला, म्हणाला, “अहो, नवाच आहे!” अकरा दिवस लागले ते त्यामुळे. तुमच्या हातात असा पट्टा आला तर तुम्हीही पैसे देऊ नका.